ऑम्बड्समन नेमका कोणाचा माणूस?

बँकेने खात्यातून भलतेच पैसे कापले आणि विचारल्यावर दाद दिली नाही, तर जाणकार सांगतात, ‘लोकपालाकडे जा.’ वीजबिलाचं भांडण असेल तर विद्युत लोकपाल. विद्यापीठाशी वाद असेल तर विद्यापीठाचा लोकपाल. क्रिकेट नियामक मंडळालाही एक ऑम्बड्समन असतो; ‘लोकपाल’ हे त्याचंच भारतीय नाव. आणि ज्याच्यासाठी २०११ मध्ये अण्णा हजारे दिल्लीत उपोषणाला बसले, तो लोकपाल या सगळ्यांहून वेगळा. एकाच नावाच्या इतक्या खुर्च्या पाहून वाचक गोंधळला तर त्यात त्याची काही चूक नाही. गोंधळ नावातच आहे, आणि तो स्वीडनहून इथे येईपर्यंत वाढत गेला आहे.

‘ऑम्बड्समन’ दिसतो इंग्रजी, पण आहे स्वीडिश. इंग्रजीने तो जसाच्या तसा उचलला. स्वीडिशमधून इंग्रजीत गेलेले आणि जगभर झालेले शब्द फार नाहीत. जुन्या बल्बच्या तारेतला ‘टंगस्टन’ हा त्यातला दुसरा. त्याचा मूळ अर्थ ‘जड दगड’. टंगस्टनचा अर्थ प्रवासात एकदाच बदलला: खनिजाचं नाव धातूला मिळालं. ऑम्बड्समनचा मात्र घरीही बदलला आणि बाहेरही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकू. या शब्दात ‘लोक’ नाही, ‘न्याय’ नाही, ‘भ्रष्टाचार’ तर नाहीच. शब्द सांगतो ते इतकंच: दुसऱ्याच्या वतीने काम करणारा माणूस. तो दुसरा कोण, हे शब्दाबाहेर जाऊन शोधावं लागतं.

तीन तुकडे

आजच्या आइसलँडिकची आणि नॉर्वेजियनची पूर्वज असलेली मध्ययुगीन भाषा म्हणजे प्राचीन नॉर्स. तिच्यात हा शब्द ‘उम्बोद्समाद्र’ असा होता. त्याचे तुकडे तीन: ‘उम’, ‘बोद’ आणि ‘माद्र’. मधला ‘स’ आपल्या ‘चा’सारखा षष्ठीचा प्रत्यय आहे. म्हणजे शब्द झाला ‘उम्बोदचा माणूस’.

‘उम’ म्हणजे भोवती, आणि त्यावरून एखाद्या गोष्टीविषयी. ‘बोद’ म्हणजे आज्ञा, निरोप, सांगून पाठवणं. नॉर्समध्ये ‘ब्योदा उम’ असा वाक्प्रचारच होता: एखादं काम कोणाकडे सोपवणं. त्यातून ‘उम्बोद’ म्हणजे सोपवलेला अधिकार. पोरगा अमेरिकेत, फ्लॅट पुण्यात, आणि तो विकायचा अधिकार मुलाने मुखत्यारपत्र करून काकांना दिला, तर त्या कागदात जे आहे ते ‘उम्बोद’ आणि काका झाले ‘उम्बोद्समाद्र’. मराठीत याला सगळ्यात जवळचा शब्द ‘मुखत्यार’. काकांनी सही केली तर ती मुलाची सही धरली जाते. काकांचं स्वतःचं मत तिथे कोणी विचारत नाही.

तिसरा तुकडा ‘माद्र’ म्हणजे माणूस. तो मुळात ‘मान्न’. पुढे ‘र’ आला की नॉर्समध्ये ‘न्न’चा उच्चार बदलून इंग्रजी ‘दिस’, ‘दॅट’ मधल्या ‘द’सारखा होई, म्हणून प्रथमेत ‘माद्र’ आणि इतर रूपांत पुन्हा ‘मान्न’. स्वीडिश, डॅनिश आणि नॉर्वेजियन भाषांनी ‘मान्न’ ठेवला, आइसलँडिकने ‘मादुर’. त्यामुळे आज स्वीडनमध्ये ‘ऑम्बूड्समन’, डेन्मार्कमध्येही तसाच पण शेवटी एक न उच्चारला जाणारा ‘ड’ लिहिलेला, आणि आइसलँडमध्ये ‘उम्बोद्समादुर’.

‘बोद’ आणि आपला ‘बोध’

संस्कृत थोडंफार शिकलेल्याला इथे शंका येईल, आणि ती रास्त आहे. ‘बोद’ आणि ‘बोध’ हे खरोखरच एका मुळाचे आहेत. भाषाशास्त्रज्ञ त्या मुळाची कल्पना ‘भेउध’ अशी करतात आणि अर्थ देतात ‘जागं असणं, भान असणं’. जर्मानिक भाषांमध्ये (नॉर्स, इंग्रजी, जर्मन यांच्या कुळात) ‘भ’चा ‘ब’ आणि ‘ध’चा ‘द’ झाला. संस्कृतात वेगळं घडलं. एका धातूत दोन महाप्राण (‘भ’, ‘ध’ असे ह-कार मिसळलेले वर्ण) जवळजवळ आले, तर पहिला आपला ह-कार टाकतो. म्हणून ‘भुध्’चा ‘बुध्’ झाला. पुरावा हवा असेल तर याच धातूचा भविष्यकाळ पाहा: ‘भोत्स्यते’. शेवटचा ‘ध’ तिथे ‘त्’ होऊन गेला आणि दबून बसलेला ‘भ’ लगेच वर आला.

अर्थाचा प्रवास मात्र दोन दिशांना झाला. आपल्याकडे जागं होण्यावरून जाणणं, आणि त्यावरून बोध, प्रबोधन, बुद्ध. उत्तरेत दुसऱ्याला जागं करणं, कळवणं, आणि त्यावरून हुकूम. उरलेले दोन तुकडेही नात्यातलेच. ‘उम’चा चुलतभाऊ संस्कृत ‘अभितः’, म्हणजे दोन्ही बाजूंना, सभोवती. ‘मान्न’चा ‘मनु’. सगळे तुकडे ओळखीचे निघाले, तरी ‘ऑम्बड्समन हा मूळ संस्कृत शब्द’ असा निष्कर्ष काढू नये. हे एका आजीच्या नातवंडांचं नातं आहे, त्यातलं कोणी कोणाचं मूल नाही.

‘बोद’चं आजचं स्वीडिश रूप ‘बूड’, आणि त्याचा गोतावळा मोठा आहे. नुसता ‘बूड’ म्हणजे निरोप, लिलावातली बोली, आणि बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी एकेक आज्ञाही. ‘फॉर’ जोडला की ‘फॉरबूड’, म्हणजे बंदी. ‘आन’ जोडला की ‘आनबूड’, म्हणजे निविदा. सामान पोचवणारी गाडी ती ‘बूडबील’. आणि ‘ऑम’ जोडला की ‘ऑम्बूड’, आपला प्रतिनिधी.

पहिला ऑम्बड्समन राजाचा

‘जनतेचा कैवारी’ ही आजची प्रतिमा मनात धरून जुनी कागदपत्रं वाचायला घेतली, तर धक्का बसतो. १२४१ च्या डेन्मार्कमधल्या जटलंडच्या कायद्यात हा शब्द येतो तो राजाच्या स्थानिक अधिकाऱ्यासाठी. नॉर्वेचा राजा माग्नुस याने १२७४ मध्ये देशभरासाठी एक कायदा केला. त्यातही राजाचा ‘उम्बोद्समाद्र’ आहे, आणि तो राजाच्या वतीने कारभार पाहणारा माणूस आहे. ज्याचा अधिकार सोपवलेला, त्याचा तो माणूस. आणि अधिकार सोपवणारा राजा. गावकऱ्याला गाऱ्हाणं असलं तर ते याच्याविरुद्धच असण्याचा संभव जास्त.

मराठेशाहीतला ‘मुतालिक’ पाहिला तर ही भूमिका चटकन कळते. मूळ अधिकाऱ्याच्या वतीने कारभार पाहायचा, त्याचा शिक्का चालवायचा. त्या काळचा ‘वकील’ही कोर्टात उभा राहणारा नसे. तो एका दरबाराने दुसऱ्या दरबारात ठेवलेला माणूस असे. ‘वकील’ दरबारातून कोर्टात गेला, तसाच ऑम्बड्समन राजवाड्यातून संसदेत गेला.

बेंदरचा राजा आणि एक हुकूम

हे स्थित्यंतर स्वीडनमध्ये झालं, आणि त्याची सुरुवात झाली स्वीडनपासून फार दूर. राजा बारावा कार्ल १७०९ मध्ये पोल्टाव्हाच्या लढाईत रशियाच्या पीटरकडून हरला आणि पळून तुर्की सुलतानाच्या मुलुखात गेला. आजच्या मोल्दोव्हामधल्या बेंदर गावी तो काही वर्षं राहिला. पाहुणा जायचं नाव घेईना, उधारी वाढत गेली, आणि शेवटी फेब्रुवारी १७१३ मध्ये तुर्की सैन्याशी त्याची चकमक झाली. त्या धुमश्चक्रीची खूण म्हणून तुर्की ‘कालाबालिक’, म्हणजे गर्दी, हा शब्द स्वीडिशमध्ये ‘गोंधळ, राडा’ या अर्थाने राहिला आहे.

राजा बाहेर, राज्य मागे, आणि मागच्या अधिकाऱ्यांवर लक्ष कोण ठेवणार? म्हणून ऑक्टोबर १७१३ मध्ये त्याने तुर्कस्तानातूनच एक हुकूम काढून ‘सर्वोच्च ऑम्बूड्समन’ हे पद निर्माण केलं. न्यायाधीश, करवसुली करणारे आणि इतर अधिकारी कायद्याप्रमाणे वागतात की नाही हे पाहणं, आणि वागत नसतील तर खटला भरणं, हे त्याचं काम. इथे पहिल्यांदा ‘अधिकाऱ्यांवर नजर’ हा अर्थ शब्दाला चिकटला. पण धनी अजून राजाच होता. १७१९ मध्ये या पदाचं नाव बदलून ‘युस्तिसीकान्सलर’, म्हणजे न्यायविषयक कुलपती, असं झालं. ते पद आजही आहे, आणि आजही ते सरकारच्या बाजूचं आहे.

राजा तुर्कस्तानात असताना हे घडलं म्हणून ही कल्पना त्याने तिथल्या मुख्य काझीकडून उचलली, असं बरेचदा लिहिलं जातं. साम्य दाखवता येतं. शब्द मात्र तुर्की नव्हता, आणि राजाच्या वतीने काम पाहणाऱ्या माणसाला ऑम्बड्समन म्हणायची रीत उत्तरेत तोवर पाचशे वर्षं जुनी झाली होती.

१८०९: धनी बदलला

१८०८–०९ च्या युद्धात स्वीडनने फिनलंड रशियाला गमावलं. मार्च १८०९ मध्ये सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी राजा चौथा गुस्ताव आडोल्फ याला पकडून पदच्युत केलं आणि ६ जूनला नवी राज्यघटना आली. संसदेपुढे प्रश्न होता तो असा: अधिकाऱ्यांवर नजर ठेवणारा कुलपती राजाच नेमतो, मग राजाच्याच माणसांवर तो नजर ठेवणार कशी? यावर संसदेने आपला स्वतःचा ऑम्बूड्समन निवडायचं ठरवलं. पदाचं नाव ‘युस्तिसीऑम्बूड्समन’, बोलण्यात नुसतं ‘यीऊ’ ही दोन आद्याक्षरं. १८१० मध्ये लार्स आउगुस्तीन मानेरहेइम हा पहिला निवडला गेला.

सगळ्या गोष्टीचा कणा हा आहे. शब्द तोच, कामही जवळपास तेच, पण ‘उम्बोद’ देणारा बदलला. मुखत्यारपत्रावर राजाच्या जागी संसदेची सही आली. लोकांच्या तक्रारी ऐकणं हे त्यातून ओघाने आलं. पहिला हेतू कायद्याचं पालन होतंय की नाही हे पाहण्याचा होता.

आज स्वीडनमध्ये असे चार ऑम्बूड्समन असतात, त्यातला एक प्रमुख. संसद त्यांना ठरावीक मुदतीसाठी निवडते. तक्रार कोणीही करू शकतो: नागरिकत्वाची अट नाही, वयाची नाही, फी नाही. एक पत्र पुरतं. साधारणपणे दोन वर्षांहून जुन्या घटनेत ते शिरत नाहीत. कार्यालयाचा निर्णय फिरवायचा अधिकार त्यांना नाही. ते चौकशी करतात, चूक झाली असेल तर तसं नाव घेऊन लेखी छापतात, आणि गंभीर प्रकार असेल तर अधिकाऱ्यावर खटला भरू शकतात. खटला क्वचितच होतो, पण छापील ताशेऱ्याला तिथली कार्यालयं दबून असतात.

दोन गोष्टी भारतीय वाचकाला उलट्या वाटतील. स्वीडनचा ऑम्बूड्समन न्यायालयांच्या कारभारावरही नजर ठेवतो. आणि मंत्र्यांवर ठेवत नाही. मंत्र्यांचं काम संसदेची एक समिती पाहते. ‘पंतप्रधान त्याच्या कक्षेत हवेत की नकोत’ हा आपल्याकडे गाजलेला वाद त्यामुळे स्टॉकहोममध्ये निघालाच नाही.

रस्त्यावरचा ‘ऑम्बूड’

पुस्तकी अर्थ इथे संपतो, पण भाषा इथे संपत नाही. स्वीडनमध्ये ऑनलाइन मागवलेलं पार्सल घ्यायला लोक किराणा दुकानात जातात, कारण ते दुकान टपालाचं ‘ऑम्बूड’ असतं. खेड्यात ज्या दुकानातून औषधं घ्यायची ते औषधालयाचं ‘ऑम्बूड’. दारूविक्री तिथे सरकारी मक्तेदारीत आहे, त्यामुळे ज्या गावात सरकारी दुकान नाही तिथे एखादा वाणी त्या कंपनीचा ‘ऑम्बूड’ असतो आणि मागवलेल्या बाटल्या त्याच्याकडून न्यायच्या. कामगार संघटनेच्या अधिवेशनाला गेलेला प्रतिनिधी ‘ऑम्बूड’. कारखान्यात सुरक्षिततेवर लक्ष ठेवायला कामगारांनी निवडलेला सहकारी ‘शिड्ड्सऑम्बूड’.

आणखी गंमत अशी की नुसतं ‘तो ऑम्बूड्समन आहे’ असं स्वीडिश माणूस म्हणाला, तर त्याचा अर्थ बहुधा ‘तो युनियनमध्ये किंवा पक्षात पगारी पदाधिकारी आहे’ असा होतो. संसदेचा माणूस सांगायचा असेल तर ‘यीऊ’ म्हणतात. ग्राहकांसाठीचा १९७१ पासूनचा ‘कोऊ’, वृत्तपत्रांसाठी १९६९ ते २०१९ या काळात असलेला ‘पेऊ’, मुलांसाठीचा १९९३ पासूनचा ‘बेऊ’: शेवटचा ‘ऊ’ ऑम्बूड्समनचा आणि पुढचं अक्षर विषयाचं.

आइसलँडमध्ये तर जुना अर्थ अगदी ताजा आहे. ‘उम्बोद’ म्हणजे मुखत्यारपत्राचा फॉर्म. मोटारींची एजन्सी ती ‘बीलाउम्बोद’. फुटबॉलपटूच्या कराराची बोलणी करणारा एजंट ‘उम्बोद्समादुर’. आणि १९८८ पासून काम करणारा संसदेचा तक्रारअधिकारीही ‘उम्बोद्समादुर’च, फक्त पुढे ‘आल्थिंगीचा’, म्हणजे तिथल्या संसदेचा, असं लावायचं. २००८ मध्ये तिथल्या बँका बुडाल्यावर २०१० मध्ये ‘कर्जदारांचा उम्बोद्समादुर’ असंही एक सरकारी पद निघालं. तिथे शेजारी राहणारा कोणी ‘उम्बोद्समादुर’ आहे असं कळलं, तर तो गोलकीपरसाठी भांडतो की कर्जदारासाठी, हे पुढचा शब्द ऐकल्याशिवाय कळत नाही.

फिनलंड हा नॉर्डिक, म्हणजे उत्तर युरोपातल्या या गटातला देश, पण फिनिश भाषा या कुळातली नाही. तिथे शब्द उसना न घेता अनुवाद केला: ‘ओइकेउस’ म्हणजे न्याय, ‘आसिया’ म्हणजे काम, ‘मिएस’ म्हणजे माणूस, आणि झाला ‘ओइकेउसआसियामिएस’. १९१९ च्या राज्यघटनेने हे पद निर्माण झालं आणि स्वीडननंतर असं पद असणारा फिनलंड हा जगातला दुसरा देश ठरला. स्वीडिश ही तिथली दुसरी राजभाषा असल्याने त्याच दारावर दुसरी पाटी मूळ शब्दाची असते.

‘पण बाई असली तर?’

हा आक्षेप नेहमी येतो, आणि त्याला प्रत्येक देशाने वेगळं उत्तर दिलं आहे. प्राचीन नॉर्समध्ये ‘माद्र’ म्हणजे केवळ पुरुष नव्हे, माणूस. स्त्रीही त्यात येई. स्वीडनने याच आधारावर जुनं नाव ठेवलं. तिथल्या संसदेचा सभापती ‘तालमन’, मग त्या खुर्चीवर बाई असली तरी. नॉर्वेने मात्र शेपूट कापली. जुलै २०२१ मध्ये तिथल्या संसदेच्या ऑम्बड्समनचं नाव ‘सिव्हिलऑम्बूद्समनेन’वरून ‘सिव्हिलऑम्बूदे’ झालं. ‘स’ आणि ‘मन’ गेले, आणि ‘तो अमुक’ दाखवणारं शेवटचं उपपद तेवढं राहिलं. तिथे सवय आधीची होती. १९८१ मध्ये नॉर्वेने जगातला पहिला मुलांचा ऑम्बड्समन नेमला, तेव्हाच नाव ‘बार्नेऑम्बूद’ होतं.

इंग्रजीने ‘ऑम्बड्सपर्सन’ असा जोड केला. व्याकरण पाहिलं तर नॉर्वेचा उपाय जास्त साफ. ‘ऑम्बूद’ हा शब्द एकटा उभा राहू शकतो. ‘ऑम्बड्स’ मात्र षष्ठी लावून अर्ध्यात सोडलेला आहे. ‘रामाचा’ म्हणून थांबावं, तसा. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांत हाच ‘ऑम्बड्सपर्सन’ आहे.

डेन्मार्कने तो जगात नेला

दीडशे वर्षं हा प्रकार स्वीडन आणि फिनलंडबाहेर फारसा कोणाला माहीत नव्हता. डेन्मार्कने १९५३ च्या राज्यघटनेत तशी तरतूद केली आणि १९५५ मध्ये फौजदारी कायद्याचे प्राध्यापक स्टीफन हुर्विट्स पहिले ऑम्बड्समन झाले. डॅनिश पद्धतीत दोन फरक होते: न्यायालयं कक्षेबाहेर, मंत्री कक्षेच्या आत. जगाने उचलली ती ही डॅनिश आवृत्ती. न्यायाधीशांच्या स्वातंत्र्याला धक्का लागेल, ही इंग्रजी पद्धतीच्या देशांची भीती तिच्यात उरत नव्हती. १९६२ मध्ये नॉर्वे आणि न्यूझीलंड, १९६७ मध्ये ब्रिटन. ब्रिटनने मात्र नाव घ्यायचं टाळून ‘संसदीय आयुक्त’ म्हटलं.

‘मग लोकपाल म्हणजे हाच ना?’

होय आणि नाही. लोकसभेत १९६३ मध्ये लक्ष्मीमल सिंघवी यांनी ऑम्बड्समनसाठी ‘लोकपाल’ हा शब्द सुचवला. १९६६ मध्ये मोरारजी देसाई यांच्या अध्यक्षतेखालच्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने केंद्रात लोकपाल आणि राज्यात लोकायुक्त अशी शिफारस केली. ‘पाल’ म्हणजे राखणारा. या शब्दाने मूळ अर्थात नसलेली एक गोष्ट घातली, संरक्षणाची. आणि मूळ अर्थात असलेली एक गोष्ट गाळली, नेमणुकीची. ‘लोकायुक्त’ मात्र मुळाच्या जवळ जातो, कारण ‘आयुक्त’ म्हणजेच कामावर नेमलेला.

महाराष्ट्राने १९७१ मध्ये लोकायुक्तांचा कायदा केला आणि ऑक्टोबर १९७२ पासून प्रत्यक्ष कार्यालय सुरू केलं. देशात असं काम सुरू करणारं हे पहिलं राज्य. (ओडिशाने कायदा आधी केला होता, पण अंमलात उशिरा आणला.) महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात ‘गाऱ्हाणं’ आणि ‘आरोप’ असे दोन वेगळे कप्पे केले. कार्यालयाने दिरंगाई केली, अन्याय केला, ते गाऱ्हाणं. पदाचा गैरवापर केला, पैसे खाल्ले, तो आरोप. पहिला कप्पा अस्सल नॉर्डिक ऑम्बड्समनचा. डिसेंबर २०२२ मध्ये विधानसभेत आणि डिसेंबर २०२३ मध्ये विधान परिषदेत मंजूर झालेल्या नव्या विधेयकाची चर्चा झाली ती मुख्यतः दुसऱ्या कप्प्याची, मुख्यमंत्र्यांना कक्षेत आणल्याची.

केंद्राच्या लोकपाल कायद्यात, म्हणजे २०१३ च्या, पहिला कप्पा नाहीच. तो निव्वळ भ्रष्टाचाराचा कायदा आहे. तक्रार ठरलेल्या नमुन्यात, प्रतिज्ञापत्रासह द्यायची. सात वर्षांपेक्षा जुनी घटना चालत नाही. आणि तक्रार खोटी ठरली तर तक्रारदाराला एक वर्षापर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. स्वीडनच्या एका साध्या पत्राशेजारी हे ठेवून पाहिलं की, नाव एक असलं तरी हे दोन वेगळे प्राणी आहेत हे लक्षात येतं. ‘नळाला पाणी येत नाही’ असं लोकपालाला लिहून काही होणार नाही, ते याच कारणाने.

बँकेचा आणि विजेचा लोकपाल हा तिसराच प्रकार, आणि सामान्य माणसाच्या कामाचा हाच. बँकांचा लोकपाल रिझर्व्ह बँक नेमते, १९९५ पासून. तो संसदेचा माणूस नाही, ग्राहकाचाही नाही. त्याचा ‘उम्बोद’ रिझर्व्ह बँकेचा. म्हणून रिझर्व्ह बँकेच्या नियमाचा भंग किंवा सेवेतली त्रुटी दाखवता आली तरच तिथे दाद लागते. बँकेने कर्ज का नाकारलं, यासारख्या तिच्या व्यावसायिक निर्णयात तो पडत नाही.

तिथे तक्रारी फेटाळल्या जातात त्या बहुधा पायऱ्या चुकल्यामुळे. आधी बँकेकडेच लेखी तक्रार करायची आणि तिचा क्रमांक जपून ठेवायचा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तरच पुढे जायचं. पुढे जायची मुदत त्या वेळी लागू असलेल्या योजनेत पाहून घ्यावी, योजना बदलतात. तोच वाद कोर्टात चालू असेल तर लोकपाल हात लावत नाही. फी नाही. रिझर्व्ह बँकेच्या पोर्टलवर तक्रार करता येते, आणि माहितीसाठी १४४४८ हा टोल-फ्री क्रमांक आहे. स्वतः जमत नसेल तर लेखी अधिकार देऊन प्रतिनिधी पाठवता येतो, पण २०२१ च्या योजनेप्रमाणे तो वकील असून चालत नाही. वकिलाची स्वतःचीच तक्रार असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे आई-वडिलांच्या वतीने मुलगी गेली, तर नॉर्स भाषेच्या हिशेबाने टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकेक ऑम्बड्समन बसलेला असतो.

विजेच्या वादात आधी वितरण कंपनी, मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, आणि मंचाचा आदेश आल्यापासून ६० दिवसांत विद्युत लोकपाल. महाराष्ट्रात त्यांची कार्यालयं मुंबई आणि नागपूरला आहेत, आणि त्यांना नेमणारा वीज नियामक आयोग. मंचाची पायरी गाळून थेट लोकपालाकडे पाठवलेला अर्ज परत येतो.

मराठीत लिहायचं कसं?

‘ऑम्बड्समन’, ‘ओम्बुड्समन’, ‘ऑम्बुड्समॅन’ अशी तीनही रूपं छापून येतात. इंग्रजी उच्चाराला पहिलं जवळचं. स्वीडिशमध्ये दुसरं अक्षर दीर्घ असतं, ओठ घट्ट गोल करून म्हटलेला ‘ऊ’, आणि शेवट ‘मन’, ‘मॅन’ नव्हे. स्वीडिशमध्ये अनेकवचन ‘ऑम्बूड्समेन’, आणि ‘तो ऑम्बूड्समन’ असं निश्चित सांगायचं तर उपपद मागे चिकटून ‘ऑम्बूड्समनेन’. स्वीडिश बातमीत हे शेवटचं रूप दिसलं तर ते अनेकवचन समजू नये. बातमीत नुसतं ‘लोकपाल’ लिहिण्यापेक्षा नेमणारा आधी घ्यावा: ‘रिझर्व्ह बँकेचे लोकपाल’, ‘विद्यापीठाचे लोकपाल’, ‘स्वीडिश संसदेचे ऑम्बड्समन’. बाई असतील तर ‘लोकपाल’ तसाच चालतो, क्रियापद बदलतं: लोकपाल म्हणाल्या.